पंपिंग २५

जुलैतला सोमवार. ठाण्यात पाऊस कोसळत होता आणि आमच्या आयसीयूत तासाभराच्या अंतराने दम लागलेले दोन पेशंट आले. वागळे इस्टेटमधले साठीचे काका, जन्मभर लेथवर काम केलेले; आणि कळव्याला पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ४२ वर्षांच्या ताई. दोघांच्या पायांवर सूज, फुफ्फुसात पाणी. टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दोघांचंही पंपिंग २५: दर ठोक्याला हृदयातलं पंचवीसच टक्के रक्त बाहेर. निरोगी हृदयाचं ५५च्या पुढे असतं. बाहेर बाकावर नातेवाइकांनी दहावीचे मार्क पडताळावेत तसे रिपोर्ट पडताळून पाहिले.

काकांचं कारण उघड होतं. चार वर्षांपूर्वी छातीत दुखलं तेव्हा ॲसिडिटी समजून त्यांनी सोडा पीत दोन दिवस घरी काढले होते. तो हार्ट अटॅक होता. पडद्यावर हृदयाची पुढची भिंत पातळ, पांढुरकी. हलायचं नाव नाही. मेलेला स्नायू.

ताईंचं हृदय सगळीकडून सारखंच मंद, पण भिंतींची जाडी शाबूत. नाडी दीडशे, अनियमित. मी ‘डायलेटेड कार्डिओमायोपथी’ लिहून मोकळी झाले. म्हणजे हृदय फुगलंय, एवढंच. का, ते त्यात नाही. पण शब्द भारदस्त आहे.

राउंडला सरांनी ताईंचा हात हातात घेतला तो सोडेचनात. एसीत आम्ही कुडकुडतोय आणि त्यांचा तळवा गरम, ओला. सरांनी हात पुढे करायला लावून बोटांवर ईसीजीचा कागद ठेवला. तो पिंपळपानासारखा थरथरायला लागला.

“जेवण जातं का?”

“दुप्पट जातं. तरी आठ किलो उतरले. गिऱ्हाईकं विचारतात, डाएट कुठलं?”

रक्तात टीएसएच जवळजवळ शून्य, म्हणजे थायरॉइड ग्रंथी भलतीच जोरात. थायरॉइडने महिनोन्‌महिने पळवलेलं हृदय दमलं होतं. सरांनी माझं निदान खोडलं नाही, पुढे नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. ते जास्त लागलं.

थायरॉइड आणि नाडी आटोक्यात आली, तसं चार महिन्यांत ताईंचं पंपिंग ५५ झालं. काकांनी एक गोळी चुकवली नाही, लोणचं-पापड सोडलं, तरी मधल्या काळात दोनदा ॲडमिट झाले. पंपिंग २८. ठोके बिघडले तर शॉक देणारं यंत्र बसवायला सांगितलंय, पैशांची जुळवाजुळव चाललीय.

परवा ओपीडीत काकांच्या मुलाने ताईंना जिना चढून येताना पाहिलं. आत येऊन त्याने दार लोटून घेतलं. “मॅडम, त्यांना दिली ती गोळी बाबांना का नाही दिली? पंपिंग तर सेम होतं.”

मी रिपोर्टच्या मागे हृदय काढलं आणि पुढची भिंत पेनने गिरवून काळी केली. बराच वेळ बघून त्याने कागदाची घडी केली, खिशात ठेवली.

“हे बाबांना नका काढून दाखवू,” म्हणाला.