आवाजाला किती गेन लागतो? ऑडिओ इंटरफेस निवडतानाचा माझा अनुभव

घरच्या घरी गाणी ध्वनिमुद्रित करायचे मनाशी पक्के केले, तेव्हा माझ्याकडे एक डायनॅमिक माइक (बाहेरून वीज न लागणारा), एक गिटार, एक लॅपटॉप आणि हेडफोन एवढे साहित्य होते. असा माइक लॅपटॉपला जोडायचा तर मध्ये ऑडिओ इंटरफेस लागतो, हे मला ठाऊक होते. पण इंटरफेस नेमके काय करतो आणि चांगला कशावरून ठरवायचा, हे मुळीच ठाऊक नव्हते. म्हणून पहिले काही आठवडे मी निरनिराळ्या यंत्रांची तपशीलपत्रके वाचण्यात घालवले आणि जिथे आकडा मोठा दिसेल तिथे खूण करत गेले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक आकड्यांचा माझ्या गाण्याशी काडीचाही संबंध नाही, हे कळायला मैत्रिणीकडून एक जुने यंत्र उसने आणावे लागले आणि दोन आठवडे त्याच्यासमोर बसून गावे लागले.

इंटरफेसचे काम सांगायला सोपे आहे. माइकमधून येणारा अतिशय क्षीण विद्युत संकेत प्रीअँप वाढवतो (ही वाढ म्हणजेच गेन), कन्व्हर्टर त्याचे आकड्यांत रूपांतर करतो, ते आकडे यूएसबीच्या वाटेने संगणकात जातात, आणि संगणकाने परत पाठवलेले आकडे पुन्हा संकेत होऊन हेडफोनमध्ये ऐकू येतात. जाहिरातीत सर्वांत ठळक छापलेले असतात ते कन्व्हर्टरचे आकडे, आणि माझ्या मते आज सर्वांत कमी काळजी करावी ती त्यांचीच. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर, म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा संकेत मोजला तर, २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी टिपता येतो, तर माणसाच्या कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ आहे. प्रत्येक मोजणी २४ बिटांत नोंदवली तर सैद्धांतिक पल्लेदारी, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातला फरक, १४४ डेसिबल असली, तरी चांगल्या कन्व्हर्टरकडून प्रत्यक्षात ११० ते १२० डेसिबल मिळतात आणि घरातल्या खोलीतल्या शांततेला तेवढेही पुरून उरतात. त्यामुळे १९२ किलोहर्ट्झ हा आकडा पाहून मी केलेल्या सगळ्या खुणा नंतर खोडून टाकल्या.

खरी अडचण प्रीअँपपाशी आली. माझा आवाज मुळात हळू, शिवाय मी गाते तीही हळुवार गाणी. पहिल्या रात्री दार लावून घेतले, माइक ओठांपासून सुमारे ३० सेंटीमीटरवर ठेवला, गेनचे बटण उजवीकडे शेवटपर्यंत फिरवले आणि षड्ज लावला. पडद्यावरची पातळी दाखवणारी पट्टी खालच्या तिसऱ्या हिश्श्यातच घुटमळत राहिली. सगळ्यांत चढा सूर लावला तेव्हा ती उणे ३० डेसिबलपर्यंत पोहोचली. या मोजपट्टीवर शून्य म्हणजे कमाल पातळी, आणि गाताना सर्वसाधारण पातळी उणे १८ च्या आसपास राहावी असे सर्वत्र सांगितले जाते. म्हणजे मी १२ डेसिबलने मागे होते. यंत्र बिघडले आहे, अशीच माझी पहिली समजूत झाली.

ती समजूत चुकीची होती, हे कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर उमगले, आणि हा हिशेब मी मुद्दाम सविस्तर सांगते. कारण खरेदीआधी तो कुणालाही मांडता येतो. माझा माइक शुअरच्या एसएम७बी या प्रकारातला, म्हणजे डायनॅमिक माइकांमध्येही क्षीण संकेत देणारा आहे. अशा माइकसमोर ९४ डेसिबलचा, म्हणजे अगदी खणखणीत, आवाज केला तर तो साधारण १.१ मिलिव्होल्ट देतो. डीबीयू या विद्युत पातळीच्या मापात सांगायचे तर उणे ५७. माझे हळू गाणे माइकपाशी ७४ डेसिबलच्या आसपास पोहोचते असे धरले, तर संकेत आणखी २० डेसिबलने खाली, म्हणजे उणे ७७ डीबीयूवर येतो. उसन्या यंत्राच्या तपशीलपत्रकात गेनचा पल्ला ५६ डेसिबल आणि गेन किमान असताना सहन होणारी कमाल पातळी अधिक ९ डीबीयू दिलेली होती. नवातून छप्पन वजा केले की उणे ४७ उरतात. याचा अर्थ असा की गेन पूर्ण चढवला असता उणे ४७ डीबीयूचा संकेत मोजपट्टीच्या शून्याला टेकतो, आणि माझा उणे ७७ चा संकेत बरोबर ३० डेसिबल खाली राहतो. यंत्र जे दाखवत होते, तेच कागदावर उतरले होते.

या हिशेबातून मला एक गोष्ट कळली, जी कोणत्याही जाहिरातीत वाचायला मिळाली नव्हती. नुसता गेनचा पल्ला पाहून दोन यंत्रांची तुलना करता येत नाही. एका यंत्राचा पल्ला ५६ डेसिबल आणि कमाल पातळी अधिक ९ असेल, आणि दुसऱ्याचा पल्ला ६९ डेसिबल पण कमाल पातळी अधिक १६ असेल, तर दुसरे यंत्र १३ डेसिबलने सरस वाटते. पण सोळातून एकोणसत्तर वजा केल्यावर उणे ५३ येतात, म्हणजे प्रत्यक्षातला फायदा फक्त ६ डेसिबलचा असतो. उरलेला पल्ला ढोलकी किंवा ट्रंपेटसारखे मोठ्या आवाजाचे वाद्य जवळून मुद्रित करणाऱ्याच्या उपयोगाचा. कंडेन्सर माइक वापरणाऱ्याला तर ही विवंचनाच नसते, कारण त्याचा संकेत डायनॅमिक माइकपेक्षा सहज २० डेसिबलने जोरकस असतो. त्याला फक्त ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्याच वायरने पुरवलेली वीज, लागते आणि ती आता जवळजवळ प्रत्येक इंटरफेसमध्ये मिळते.

गेन कमी पडतो म्हटल्यावर माइक आणि इंटरफेस यांच्यामध्ये जोडायचा एक छोटा बूस्टर घ्यावा, असा सल्ला मला अनेकांनी दिला. तो घेण्याआधी मी खरखर मोजून पाहायचे ठरवले, आणि या सगळ्या खटाटोपात सर्वांत अधिक शिकवणारी संध्याकाळ तीच ठरली. गेन पूर्ण ठेवून मी अर्धा मिनिट गप्प बसले आणि ती शांतता मुद्रित केली. खरखर उणे ७३ डेसिबलवर होती. मग लॅपटॉप लांब वायरने शेजारच्या खोलीत नेऊन ठेवला; ती उणे ७७ वर उतरली. शेवटी माइक काढून त्याच्या जागी एक्सएलआर प्लग (माइकच्या वायरला असतो तो तीन पिनांचा) लावला, ज्याच्या दोन आणि तीन क्रमांकांच्या पिनांमध्ये मैत्रिणीने १५० ओहमचा रेझिस्टर डाखून दिला होता. तेव्हा उणे ८१ आले. हे शेवटचे उणे ८१ म्हणजे प्रीअँपची स्वतःची खरखर, आणि तिच्या वरचे जे काही होते ते माझ्या खोलीचे आणि मुख्यतः लॅपटॉपच्या पंख्याचे. ज्या खरखरीसाठी मी प्रीअँपला बोल लावत होते, तिचा मोठा वाटा माझ्याच टेबलावर फिरत होता.

याच मोजणीमुळे बूस्टरचा विचारही सोडून दिला. गेन पूर्ण असताना प्रीअँपची खरखर कन्व्हर्टरच्या खरखरीपेक्षा कितीतरी वर असते; त्यामुळे मुद्रण झाल्यावर संगणकातच पातळी १२ डेसिबलने वाढवली, तरी आवाज आणि खरखर सारख्याच प्रमाणात वाढतात आणि गुणवत्तेत कानाला जाणवेल असे काहीही बिघडत नाही. कमी गेनचा खरा त्रास एवढाच, की गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये फार बारीक येतो. त्यावरचा पहिला उपाय फुकटचा निघाला. माइक ३० सेंटीमीटरवरून १५ सेंटीमीटरवर आणला आणि पातळी ६ डेसिबलने वाढली. जवळ आल्यामुळे खर्ज थोडा फुगतो, तो नंतर ईक्यूने (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) कमी करता येतो, आणि प, फ यांसारख्या अक्षरांच्या फुंकरेसाठी पॉप फिल्टर लावावा लागतो.

दुसरा मोठा विषय विलंबाचा, ज्याला सगळे लेटन्सी म्हणतात. मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधून फिरून आलेला स्वतःचा आवाज मी हेडफोनमध्ये पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटला. गाणाऱ्याला आपला आवाज हाडांमधून तत्क्षणी ऐकू येत असतो, आणि त्यावर काही मिलिसेकंदांनी मागे पडलेली प्रत येऊन बसली की स्वरावरची पकडच सुटते. यावर डायरेक्ट मॉनिटरिंग हा उपाय आहे: माइकचा संकेत संगणकाकडे जाण्याआधीच इंटरफेसमधून हेडफोनकडे वळवला जातो. मात्र ते चालू केल्यावर सॉफ्टवेअरमधील त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद करायला हवे. मी ते विसरले आणि एक पूर्ण संध्याकाळ माझाच आवाज दुहेरी ऐकत बसले.

गिटारसाठी मात्र हा उपाय चालत नाही, कारण मी अँप सिम्युलेटर (गिटारच्या अँपची नक्कल करणारे सॉफ्टवेअर) वापरते आणि तो आवाज संगणकातच तयार होतो. तिथे बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो सॅम्पलचा गठ्ठा) आणि ड्रायव्हर (यंत्र आणि संगणक यांना जोडणारे सॉफ्टवेअर) यांच्याशी गाठ पडते. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.६७ मिलिसेकंद, येताना एक आणि जाताना एक मिळून ५.३३. पण हा झाला कागदावरचा विलंब. खरा विलंब मोजायचा तर इंटरफेसचे आउटपुट वायरने त्याच्याच इनपुटला जोडायचे, एक टिकटिक वाजवायची, ती परत मुद्रित करायची आणि मूळ टिकटिकीपासून ती किती सॅम्पल मागे पडली ते मोजायचे. सॉफ्टवेअर स्वतःहून विलंबाची भरपाई करते, ती सोय या चाचणीपुरती बंद ठेवावी. उसन्या यंत्रावर ६१२ सॅम्पल आले, म्हणजे १२.७५ मिलिसेकंद. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो, तेव्हा हे अँप चार मीटरहून दूर ठेवून वाजवण्यासारखे झाले. संथ सुरावटीत ते चालून जाते, द्रुत छेडणीत बोटे आणि आवाज यांची फारकत होते.

बफरच्या वरचे ते सात मिलिसेकंद बहुतांशी ड्रायव्हरचे होते. विंडोजवर यासाठी स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणलेली एएसआयओ ही पद्धत आजही वापरली जाते, आणि निर्मात्याने आपल्या यंत्रासाठी खास एएसआयओ ड्रायव्हर लिहिला आहे की सामान्य ड्रायव्हरवर नुसते आवरण चढवले आहे, यावर बरेच अवलंबून असते. उसन्या यंत्राचा ड्रायव्हर निर्मात्याने कित्येक वर्षांत सुधारलेला नव्हता. विंडोजच्या एका अद्ययावतीकरणानंतर तर ते यंत्र दोन दिवस ओळखलेच गेले नाही. मॅकवर कोअर ऑडिओ ही ध्वनी हाताळणारी सोय व्यवस्थेतच असल्यामुळे क्लास-कम्प्लायंट, म्हणजे यूएसबीच्या ठरलेल्या मानकाप्रमाणे चालणारी, यंत्रे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात, तेवढी काळजी कमी. यूएसबीच्या वेगाची चिंता मात्र व्यर्थ आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटांच्या दोन चॅनेलना एका दिशेने सेकंदाला सुमारे २.३ मेगाबिट लागतात आणि यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिट आहे. टाइप-सी हा तर केवळ खाचेचा आकार.

गिटारबाबत आणखी एक चूक नोंदवून ठेवते. तिचा आवाज मला दोन दिवस मंद, चादर पांघरल्यासारखा येत होता. इनपुटवरचे इन्स्ट्रुमेंटचे बटण दाबायचे राहिले होते. गिटारच्या पिकअपला (तारांची कंपने टिपणाऱ्या भागाला) सुमारे एक मेगाओहम रोधाचे इनपुट लागते; लाइन इनपुटचा रोध साधारण दहा-वीस किलोओहम असल्यामुळे वरच्या पट्टीतले तेज तिथेच गळून जाते. बटण दाबताच तारांची झळाळी परत आली.

इनपुट किती हवेत, हे ठरवायला वेळ लागला नाही. घरात वाद्ये किती आहेत ते मोजायचे नसते, एकाच वेळी किती वाजणार ते मोजायचे असते. मी गाते आणि त्याच वेळी गिटार वाजवते, म्हणून दोन पुरेत. की-बोर्ड स्टिरिओमध्ये घेतला तरी दोनच लागतात, आणि तेव्हा मी गात नाही.

शेवटी यादीत तीन यंत्रे उरली आणि त्यांतून मी मोटू कंपनीचे एम२ घेतले. निर्मात्याचा स्वतःचा ड्रायव्हर, प्रत्येक इनपुटला स्वतंत्र फँटम पॉवर आणि स्वतंत्र मॉनिटर बटण, ही कारणे होतीच. पण मन वळवले ते दर्शनी भागावरच्या पातळी दाखवणाऱ्या छोट्या रंगीत पडद्याने, कारण गाताना लॅपटॉप शेजारच्या खोलीत असतो आणि पातळी माझ्यासमोर दिसणे मला गरजेचे होते. ज्याचा लॅपटॉप समोरच असतो, त्याच्या दृष्टीने हे कारण फारसे वजनदार नाही आणि त्याने दुसरे यंत्र निवडले तर ते योग्यच होईल. यंत्र घरी आल्यावर आधी टिकटिकीची चाचणी घेतली. त्याच बफरवर विलंब आठ मिलिसेकंदांच्या जवळपास आला आणि त्याच रात्री द्रुत छेडणीचा तुकडा पहिल्या प्रयत्नात तालात बसला.

आता ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि १२८ सॅम्पलचा बफर ही माझी नेहमीची मांडणी आहे. मुद्रण संपवून मिक्सिंगला बसले की बफर १०२४ वर नेते, म्हणजे संगणकावरचा ताण हलका होतो. चाचणीची ती आखूड वायर आणि रेझिस्टर डाखलेला प्लग टेबलाच्या खणात असतात, आणि ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली की गायला बसण्याआधी मी दोन्ही बाहेर काढते.