ओहोटी लागते

वैशाखात दुपारी वारा पडला की आमच्या देवगडच्या घरात पडवी सोडून कुठेच बसवत नाही. भाची तिथेच लॅपटॉप मांडीवर घेऊन इंग्रजीत कसला तरी अर्ज लिहीत होती. मधेच मान वर करून म्हणाली, "मामा, इंग्लिशीत परीक्षा देतत की घेतत?"

आपल्याकडे पोर परीक्षा देतं, मास्तर घेतात. व्यवहार स्वच्छ. इंग्रजीत पोरच एक्झाम 'टेक' करतं आणि मास्तर 'गिव्ह' करतात. बरं, त्यांच्यातही एकमत नाही. अमेरिकेत टेक, ब्रिटनमध्ये सिट, कॅनडात चक्क राइट. त्यातल्या 'सिट'ने जरा धीर आला, परीक्षेला आपणही बसतोच की. भारतभर मात्र 'आय गेव्ह द एक्झाम' बिनदिक्कत चालतं आणि इंग्रजीचे मास्तर कपाळाला हात लावतात. मला त्यात वावगं काही दिसत नाही. घाम गाळायचा आम्ही, म्हणजे देणारे आम्हीच.

कुठल्या नामाशी कुठलं क्रियापद, याला कारण नसतं, वहिवाट असते. आणि वहिवाटीवरून रोज जाणारा ती कधी बघत नाही, परका आला की विचारतो. इंग्रजीतल्या असल्या जोड्यांची भलीमोठी यादी हॅरॉल्ड पामर या इंग्रज भाषातज्ज्ञाने १९३३ साली छापली, ती लंडनला नव्हे, तोक्योला. अडलं होतं जपानी विद्यार्थ्यांचं.

आमच्याकडेही परके येतात. किनाऱ्यावर उभे राहून "अरे वा, ओहोटी आली!" म्हणतात. मी पाहुण्यांना काही बोलत नाही, पण मग जेवताना माशाला चव लागत नाही. भरती येते, ओहोटी लागते. आंब्याची अढी घालतात, मनात अढी धरतात, आणि ओहोटी 'आली' म्हणणाऱ्यांबद्दल मी ती धरतो.

लहानपणी मे महिन्यात मुंबईहून आत्या बोटीने यायची. भोंगा झाला की आम्ही पोरं "बोट लागली, बोट लागली" करत धक्क्याकडे पळायचो. पडावातून आत्या उतरायची ती हिरवीपिवळी होऊन, तोंडाला पदर लावून, कारण तिलाही बोट लागलेली असायची. आजी लिंबाचं सरबत घेऊन उभी. आत्या तिला म्हणायची, "आई, बोट फार लागली गं," आणि थोड्या कमी ऐकणारी आजी म्हणायची, "हो, भोंगा ऐकला मी." मग घरी जाऊन आत्याचा डोळा लागेपर्यंत आम्हाला खाऊची पिशवी उघडायला मिळत नसे.

इंग्रजीला सगळीकडेच नावं ठेवायची नाहीत मला. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आमची कलमं मोडली. गावात देवळात गाऱ्हाणं घातलं, सगळे मिळून "व्हय म्हाराजा" म्हणाले. कचेरीत मात्र गाऱ्हाणं घालून चालत नाही, तिथे तक्रार द्यावी लागते. इंग्रजीत ती 'लॉज' करतात, आणि आमच्या बाबतीत हे क्रियापद अगदी चपखल बसलं. तक्रार आत गेली, तिला खोली मिळाली, आणि अजून तिचा मुक्काम तिथेच आहे.