व्हर्च्युअल मशीनमधील मागे जाणारी वेळ

आज महापे येथील डेटा सेंटरमध्ये एका व्हर्च्युअल मशीनचे, म्हणजे खऱ्या संगणकावर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकाचे, लॉग तपासताना, नंतर घडलेल्या व्यवहारावर आधीच्या व्यवहारापेक्षा काही मायक्रोसेकंद अगोदरची वेळ पडलेली आढळली. नेटवर्कवरून वेळ जुळवणारे एनटीपी व्यवस्थित चालू होते. पण एनटीपी सिस्टीमचे घड्याळ जुळवते, प्रोसेसरच्या दोन कोरमधील (गणना करणाऱ्या भागांमधील) फरक त्याला दिसत नाही.

इंटेलच्या प्रोसेसरमध्ये १९९३ च्या पेंटियमपासून टाइम स्टॅम्प काउंटर, म्हणजे घड्याळाचे ठोके मोजणारा टीएससी आहे. व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे हायपरव्हायझर, या काउंटरच्या आकड्यात एक ऑफसेट (ठरावीक फरक) मिळवून तो आकडा गेस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, दाखवतो, आणि सर्व व्हर्च्युअल सीपीयूंचा ऑफसेट जुळत नसेल, तर एका सीपीयूवरून दुसऱ्यावर गेलेल्या थ्रेडला (प्रोग्रामच्या चालू कामाला) वेळ चक्क मागे गेल्यासारखी वाटते. लिनक्सच्या कर्नेलने, म्हणजे त्याच्या गाभ्याने, ही विसंगती ओळखून टीएससी अस्थिर ठरवला होता आणि कर्नेल एचपीईटी या वेगळ्या टायमरकडे वळला होता. आमचा प्रोग्राम मात्र कर्नेलला न विचारता थेट टीएससी वाचत होता.

केव्हीएम या लिनक्सच्या हायपरव्हायझरमध्ये वेगवेगळ्या व्हर्च्युअल सीपीयूंवर लिहिलेली टीएससीची मूल्ये साधारण एका सेकंदाच्या आतली असतील, तर ती जुळवण्यासाठीच लिहिली आहेत असे गृहीत धरून ऑफसेट एकसारखा केला जातो. ही युक्ती मला मनापासून आवडते, पण शेवटी तो अंदाजच आहे. लाइव्ह मायग्रेशनमध्ये, म्हणजे चालू व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या खऱ्या संगणकावर (होस्टवर) हलवताना, नव्या होस्टच्या टीएससीची वारंवारताच वेगळी असेल, तर नुसता ऑफसेट पुरत नाही, स्केलिंगही (आकड्याला प्रमाणात गुणणेही) लागते. प्रोग्रामने वेळ कर्नेलकडूनच घ्यावी, असा बदल संध्याकाळी सुचवला आहे. एचपीईटी वाचणे संथ असले, तरी व्यवहारांचा क्रम बिघडण्यापेक्षा ते मला मान्य आहे.