मयताच्या वतीने

मृत्युपत्रावरून भावाबहिणीत जुंपली की निकाल लागेपर्यंत मयताच्या इस्टेटीकडे कोणी बघायचं, हा प्रश्न येतो. भावाचं नाव बहिणीला चालत नाही, बहिणीचं भावाला. मग कोर्ट भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925च्या कलम 247खाली तिऱ्हाईत प्रशासक नेमतं. माझ्या पाहण्यात बहुधा एखाद्या वकिलाच्याच गळ्यात हे पडतं. वसुली करायची, दावे लावायचे, चालवायचे. वाटप तेवढं करायचं नाही, आणि सगळं कोर्टाच्या हुकमात राहून. अशील असा, की ज्याला फोन करून ‘काय करू?’ विचारता येत नाही.

या प्रकरणात ते माझ्या गळ्यात पडलं. कपाटाचा पंचनामा करताना एक प्रॉमिसरी नोट, म्हणजे पैसे परत करण्याचं सही केलेलं लेखी वचन, सापडली. मयताने एका जुन्या स्नेह्याला पैसे दिलेले, नोट मागताक्षणी देय. तारीख पाहिली आणि पोटात गोळा आला.

माणूस गेला की दावा लावायच्या मुदतीचं घड्याळ थांबतं, असा लोकांचा ठाम समज आहे. दाव्याचं कारणच मृत्यूनंतर घडलं तर मुदत अधिनियम, 1963चं कलम 16 सवलत देतं, हे खरं. पण हयातीत सुरू झालेली मुदत चालूच राहते, वारस रडत असोत की भांडत असोत. त्यातून मागताक्षणी देय नोटेची 3 वर्षं मागणीपासून नव्हे, नोटेच्या तारखेपासून मोजायची. इथे आठवडाही उरला नव्हता. दोन्हीकडचे वकील मृत्युपत्रावरच्या सहीचा कीस पाडण्यात इतके रमले होते, की इस्टेटीत आहे तरी काय हे कोणी पाहिलंच नव्हतं.

दाव्याआधी एक सोपी वाट असते. मुदत संपायच्या आत ऋणकोने ‘देणं लागतो’ असं लिहून सही केली, की कलम 18खाली नव्याने 3 वर्षं मिळतात. मी त्या गृहस्थांना बोलावलं. सत्तरीचे, शांत. ‘पैसे घेतलेत मॅडम, नाही कुठे म्हणतोय? पण ते असते तर त्यांनी मागितले नसते.’ वकिलाला विचारतो म्हणून कागद घेऊन गेले. कागद परत आला नाही.

त्यांचं बोलणं मी तेव्हा कानाआड केलं असतं. ऋणको असंच बोलतात. पण त्याच कपाटात मयताची हिशेबाची वही होती. एकेका पानावर उसने दिलेल्यांची नावं. पैसे आले की नावावर रेघ आणि बाजूला तारीख. या गृहस्थांच्या नावावर रेघ नव्हती. पुढे वेगळ्या शाईत, त्याच वळणाच्या अक्षरात एवढंच: ‘यांना मागू नये.’ खाली सही नाही, तारीख नाही.

करार अधिनियम, 1872च्या कलम 63प्रमाणे धनको मोबदल्याशिवायही कर्ज सोडू शकतो. पण स्वतःच्या वहीत लिहून वही कपाटात ठेवली, ऋणकोला कळवलंच नाही, तर ते सोडलं म्हणायचं का? माझ्या मते नाही. तरी पान लपवायचं मनाला पटेना. त्याची प्रत जोडून मी कोर्टाकडे निर्देश मागितले. बाहेर आल्यावर भावाचे वकील म्हणाले, ‘मॅडम, हे दाखवायची काय गरज होती?’ बहिणीच्या वकिलांनी मान डोलावली. या प्रकरणात दोन्ही पक्षांचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहिलं. साहेबांनी आदेश दिला: दावा लावून आधी मुदत वाचवा, पानाचं पुराव्यात पाहू.

दावा दाखल करायला गेले तर क्लार्कने वादीच्या वयाच्या रकान्यावर बोट ठेवलं. ‘मयताचं लिहू की तुमचं?’ मी म्हटलं, माझं. वादी मी आहे, ‘मयत अमुक यांच्या मिळकतीची प्रशासक’ या नात्याने. ‘मग पैसे तुम्हाला येणेत का?’ नाहीत. ‘मग वादी कशा?’ नेमणुकीचा आदेश उघडून समोर धरला, तरी हरकत निघालीच: मयताच्या मृत्यूचा दाखला जोडला नाही. जोडला होता, अनुक्रमांक 2. पान उलटून पाहण्यापेक्षा हरकत काढणं सोपं असतं. संध्याकाळी एकदाचा दावा नोंदला गेला.

वहीचं पान मी कागदपत्रांच्या यादीत अनुक्रमांक 5ला घातलं आणि मूळ वही कोर्टात जमा केली. प्रतिवादीला समन्ससोबत सगळ्याच्या प्रती गेल्या.

मग त्यांची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, आली. टाइप केलेली, ठरावीक साच्यातली. दाव्यातील संपूर्ण मजकूर खोटा, लबाडीचा. रक्कम प्रतिवादीने मयताच्या हयातीतच रोखीने फेडली आहे. पावती नाही. माझ्यासमोर बसून ‘नाही कुठे म्हणतोय’ म्हणणारे ते गृहस्थ, आणि खाली सही त्यांचीच. वहीबद्दल अवाक्षर नाही. त्यांच्या वकिलांनी यादी उघडलेलीच नसावी. खोटा बचाव घेतलाय आणि खरा असू शकेल असा बचाव माझ्या यादीत पडून आहे.

मी त्यांची वकील नाही. त्यांना फोन करून ‘अनुक्रमांक 5 बघा’ असं सांगू शकत नाही. पण मयताला, ज्यांच्या नावाने मी भांडते आहे, काय हवं होतं हे त्या एका ओळीत दिसतं, आणि मी बरोबर उलटं मागते आहे. पुढच्या तारखेला मुद्दे निघतील, म्हणजे कोर्टाने कशाकशाचा निर्णय करायचा ते ठरेल. फेड झाली का, हा मुद्दा निघेलच. मयताने कर्ज सोडलं होतं का, हा दुसरा मुद्दा कैफियतीत नसताना काढा म्हणून मी सुचवावं का, हे अजून ठरलेलं नाही. भावाचे वकील ‘लवकर पुरावा लावा’ म्हणून मागे लागलेत.