लो केलेल्या गाडीत एक्सलचा आवाज: आधी कधी येतो ते पकडा

गाडी लो केली (सस्पेन्शन बदलून उंची कमी केली) आणि खालून काहीतरी वाजायला लागलं की लोक थेट अख्खा एक्सल (गिअरबॉक्समधून चाकाला ताकद पोचवणारा दांडा) बदलून टाकतात, मग नवीन एक्सल टाकूनही धडधड तशीच, हे बघून खरंच जीव जळतो. आवाज कसा आहे ते नंतर बघू, आधी तो कधी येतो ते पकडा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर, स्टिअरिंग वळवल्यावर, की नुसता स्पीड वाढला की?

फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीबद्दलच बोलतो. जोरात पिकअप घेताना गाडी डावी-उजवीकडे थरथरते आणि पाय उचलला की एकदम शांत, असं असेल तर माझा पहिला संशय गिअरबॉक्सकडच्या आतल्या सीव्ही जॉइंटवर (एक्सलला तिरकं होऊनही फिरू देणारा सांधा). बऱ्याच गाड्यांत हा ट्रायपॉड असतो, तीन रोलर आणि त्यांच्या तीन खाचा. एक्सलचा अँगल वाढला की रोलर प्रत्येक फेरीत खाचेत जास्त पुढे-मागे घासतात, आणि लोड असताना एका फेरीत तीन धक्के बसतात. ८० च्या स्पीडला चाक सेकंदाला साधारण ११-१२ वेळा फिरतं, म्हणजे धक्के झाले ३५ च्या आसपास, ते सीटखाली जाणवतात आणि व्हील बॅलन्सिंग कितीही करा, जात नाहीत. बॅलन्सिंगचा लोचा असेल तर ठराविक स्पीडला स्टिअरिंग थरथरतं आणि पाय उचलला तरी थरथरतच राहतं.

आता गंमत बघा, काही गाड्यांत स्टॉक हाइटला (कंपनीच्या मूळ उंचीला) एक्सल चाकाकडे थोडा उतरता असतो, तिथे थोडंसं लो केल्यावर तो उलट सरळ होतो, अजून खाली नेलं की मग दुसऱ्या बाजूला अँगल वाढायला लागतो. म्हणून गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना खाली वाकून एक्सल बघा. लिफ्टवर चाकं लटकतात, अँगलच बदलतो, तिथे चाक फिरवून आलेल्या आवाजावर निर्णय घेऊ नका.

बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा जॉइंट ओळखणं सोपं, फुल स्टिअरिंग वळवून हळू पुढे घ्या, टक टक टक आलं की तोच, बहुतेक वेळा बूट (जॉइंटवरचं रबरी कव्हर) फाटलेला असतो आणि रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतं.

खरा घोळ चाकाचं बेअरिंग आणि टायरमध्ये होतो. दोन्हीचा घूंऽऽ आवाज स्पीडबरोबर वाढतो. मोकळ्या रस्त्यावर हलकं डावीकडे वळवा, वजन उजव्या चाकांवर जातं, तेव्हाच आवाज वाढला तर उजवं बेअरिंग बघा. रस्ता बदलला की आवाज बदलतोय, तर टायर. लो केल्यावर टो (वरून बघता चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) बिघडतो, आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन सेट करणं) न करता गाडी चालवली की टायरची आतली कड आधी खाल्ली जाते, वरून टायर चांगला दिसतो. गाडी बंद करून ट्रेडवरून (टायरच्या नक्षीवरून) हात आडवा फिरवा, आतून बाहेर गुळगुळीत आणि बाहेरून आत करवतीसारखा लागला (किंवा उलट) तर बेअरिंगला उगाच हात लावू नका.

आणि आतल्या जॉइंटवर संशय असेल, कॉइलओव्हर (हाइट कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन) असतील, तर पुढून दोन्ही बाजू १५-२० एमएम वर घ्या, तोच रस्ता, तोच गिअर, तसाच पिकअप. थरथर कमी झाली तर दोष बहुधा अँगलचा आहे, त्याच हाइटवर नवीन एक्सल टाकला तरी त्यालाही तोच त्रास होऊ शकतो. हाइट फायनल झाली की अलाइनमेंट परत करून घ्या.