तुम्ही विचारलंत म्हणून: उदासीन माणूस देवाला कसा काय आवडतो?

आमच्या गीता वर्गात बारावा अध्याय आला की हा प्रश्न येतोच, परवा परत आला, की मॅडम सोळाव्या श्लोकात देव म्हणतो मला उदासीन भक्त प्रिय, मग आम्ही काय तोंड पाडून बसायचं का? तेव्हा घाईत काहीतरी सांगितलं, आज नीट लिहिते.

ती ओळच बघा ना. अनपेक्षः शुचिर्दक्ष उदासीनो गतव्यथः. उदासीनला अगदी चिकटून दक्ष आहे! मरगळलेला माणूस दक्ष कसा असेल? मूळ शब्द उद् अधिक आसीन, म्हणजे बाजूला, जरा वर बसलेला. सहाव्या अध्यायात तो मित्र, शत्रू, मध्यस्थ यांच्या रांगेत येतो, कुणाच्याच बाजूचा नसलेला म्हणून. कौटिल्याचा उदासीन राजा तर आसपासच्या सगळ्यांपेक्षा बलवान असतो. आणि तुकोबांचं 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी' आपण लहानपणापासून म्हणतो, तिथे काय रडत रडत पैसे खर्च करा असं आहे का? चांगल्या मार्गाने कमवा आणि जीव न अडकवता खर्च करा, एवढंच.

आता पेपरात रोज प्रशासनाची उदासीनता, मतदारांची उदासीनता. मला खरंच वाईट वाटतं हो. बेफिकिरी म्हणा, अनास्था म्हणा, शब्द काय कमी आहेत?

जुना अर्थ मला भेटला तो दहावीच्या सायन्सच्या तासाला. आम्लात ड्रॉपरने थेंब थेंब आम्लारी घालायची, मुलं लिटमस घेऊन वाकून बघत असायची, आणि एका क्षणी निळा निळाच राहायचा, लाल लालच. "मॅडम, उदासीन झालं!" कुणाचाच रंग न बदलणारं द्रावण, पण तिथवर यायला किती जपून थेंब टाकावे लागतात.

माझी आत्या अशी होती. आजी गेल्यावर दागिन्यांच्या वाटणीला दोन्ही भावांनी तिलाच बोलावलं, एकमेकांशी बोलत नव्हते तरी. तिने सगळं वजन करून सारखे वाटे केले, चिठ्ठ्या टाकल्या, स्वतःसाठी काही ठेवलं नाही. मग दोघांना शेजारी शेजारी पाटावर बसवलं आणि डोळे पुसत गरम भात वाढला.