१५एच दिला, तरी टीडीएस कापलाच

व्याजावर टीडीएस (बँकेने आधीच कापून सरकारला भरलेला कर) कापू नये म्हणून एप्रिलमध्ये १५एच, म्हणजे ‘माझ्यावर कर बसत नाही’ असं लिहून देणारा ज्येष्ठांचा फॉर्म, द्या, हे प्रत्येक पेन्शनरला कुणी ना कुणी सांगायचंच. दिलेला फॉर्म बँकेत पुढे कुठे जातो, हे मात्र कुणी सांगायचं नाही. ते मला २०२४-२५ मध्ये कळलं, आणि अजून आठवलं की डोकं तापतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. पेन्शन आणि एफडीचं व्याज, एवढीच मिळकत. नव्या करप्रणालीत त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट असल्यामुळे माझा कर शून्य, म्हणजे १५एच द्यायला मी पात्र. एप्रिलमध्ये फॉर्म दिला, शिक्का मारलेली पोच घेतली.

जूनअखेर पासबुक भरून आणलं तर १,२०० रुपये टीडीएस! काउंटरवर पोच दाखवली. "सर, सिस्टिमच कापते, पुढच्या वेळी होणार नाही." सप्टेंबरअखेर पुन्हा १,२००. मग साहेबांची केबिन. साहेब म्हणाले, खाली भेटा. खालच्या मॅडम म्हणाल्या, हेड ऑफिसला मेल टाकलाय. मेल टाकला म्हटलं की आपण गप्प बसायचं, असा बहुधा बँकेचा नियम असावा. मी बसलो नाही.

शेवटी नवीनच लागलेल्या एका मुलाने मॉनिटर माझ्याकडे वळवला. पडद्यावर माझं नाव दोनदा! एकदा वडिलांच्या नावासकट पूर्ण, एकदा नुसत्या आद्याक्षरांचं. जुन्या एफडी दुसऱ्या शाखेत काढलेल्या, त्यांचा कस्टमर आयडी निराळा. पेन्शन खात्याचा निराळा. माझा १५एच चढला होता पेन्शनच्या आयडीवर. पॅन दोन्हीकडे एकच. टीडीएस लागू होण्याची ज्येष्ठांसाठी तेव्हाची वर्षाला ५० हजार व्याजाची मर्यादा ओलांडली की नाही हे पाहताना बँकेने पॅनवरून दोन्हीकडचं व्याज बेरजेला धरलं, ते झालं ६८ हजार. फॉर्म मानताना मात्र आयडी वेगवेगळे! पैसे कापायच्या वेळी माणूस एक, सोडायच्या वेळी दोन. हे मी साहेबांना तोंडावर बोललो. ते हसले. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या आयडीवर फॉर्म चढायला दहा मिनिटं लागली. कापलेले पैसे सरकारजमा झालेले, ते बँक परत देत नाही. त्यासाठी रिटर्न भरणं आलं.

म्हणून पोच घेताना त्यावर कस्टमर आयडी लिहून घ्याच. एफडी जोडनावावर असेल तर टीडीएस पहिल्या नावावर कापतात, फॉर्मही त्यानेच द्यायचा. घरच्यांचं वय साठच्या आत असेल तर त्या वर्षी १५एच नव्हे, १५जी लागायचा. आणि फॉर्म दरवर्षी नव्याने, प्रत्येक बँकेत वेगळा. एप्रिल २०२५पासून ज्येष्ठांसाठी मर्यादा एक लाख झाली, त्यामुळे माझ्यासारख्या बऱ्याच जणांची ही कटकट तशीही सुटली.

आमच्या कट्ट्यावर ८०टीटीबीची, म्हणजे ज्येष्ठांच्या व्याजावरची, ५० हजारांची वजावट सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण ती फक्त जुन्या प्रणालीत मिळते. बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस नसतो, म्हणून ते दाखवायचं नाही असंही काहीजण धरून चालतात. ते एआयएसमध्ये (प्राप्तिकर खात्याकडच्या आपल्या व्यवहारांच्या यादीत) आधीच चढलेलं असतं, दाखवावंच लागतं.

रिटर्न भरणं अगदी सोपं निघालं. पेन्शन पगाराच्या रकान्यात, व्याज इतर उत्पन्नात, आणि २६एएसमध्ये (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात) टीडीएस दिसतोय ना एवढं पाहायचं. ओटीपीने ई-व्हेरिफाय केलं. सप्टेंबरात २,४०० रुपये जमा झाले, वर प्राप्तिकर खात्याने साठ-सत्तर रुपये व्याजही दिलं. तेही करपात्रच, पुढच्या रिटर्नमध्ये दाखवायचं आहे.